मासोळीचं तोंड पुढं!

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या घरच्या मोटारसायकलची चेन कुठल्या बाजूला असते, डावीकडे की उजवीकडे? चटकन सांगा हं, अंगणात जाऊन बघायचं नाही!

नाही ना सांगता आलं? मलाही आलं नसतं. लग्नानंतरची पंधरा वर्षं मी आमच्या गाडीवर मागे बसून माहेरी गेले, दवाखान्यात गेले, बनेश्वरला गेले, लग्नकार्यं उरकली. दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर पिशवी आणि पोर घेऊन. आणि ज्या बाजूला माझे पाय लोंबत होते त्याच बाजूला, माझ्या पदरापासून वीतभर अंतरावर ती चेन फिरत होती. ती डावीकडे असते हे मला कळलं गेल्या तीन वर्षांत. आणि स्वतःच्या हातांनी ती बदलली गेल्या महिन्यात.

आम्ही नसरापूरचे. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला उतरलं की आत आमचं गाव. तालुका भोर, पण गावातून पुढे जाणारा रस्ता वेल्ह्याला जातो. (कागदावर तो तालुका आता राजगड झाला, तोंडात मात्र अजून वेल्हंच येतं.) शनिवार-रविवारी राजगड-तोरण्याला निघालेल्या पोरांच्या भल्यामोठ्या गाड्या धडधडत आमच्या दारावरून जातात. आमची गाडी त्यांच्यापुढे अगदीच गरीब. शंभर सीसीची, दोन बाजूंना दुधाचे कॅन लटकवलेली. पहाटे आंबवणे, करंजावणे, मार्गासनी ह्या बाजूच्या वाड्यांवरून दूध गोळा करायचं आणि साडेआठच्या आत नसरापुरात डेअरीवर घालायचं, हा आमचा धंदा. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. घर त्याच्यावर चालतं.

हा धंदा आधी हे करायचे. तीन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात, दूध घेऊन परत येताना उतारावर 'खाड्' असा आवाज झाला. चेन निसटली, पुढच्या चक्रापाशी गोळा झाली आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. ओला रस्ता, दोन्ही कॅन भरलेले. गाडी आडवी आणि हे उजव्या हातावर. मनगटात पट्टी आणि स्क्रू घालून जीव वाचल्याचं समाधान मानलं, पण त्या हाताची तीन बोटं आजही मिटत नाहीत. ब्रेक दाबणं दूरच, भाकरीचा तुकडा मोडायलाही डावा हात लागतो.

चेन दोनच दिवसांपूर्वी एका गॅरेजात काढून-घालून आणली होती. तिचं लॉक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी, रस्त्यावर कुठंच सापडली नाही. ती उलटी बसवली होती, की नीट बसलीच नव्हती, की आधीच झिजलेली होती, हे आता कोण सांगणार? मी तर पदर खोचून भांडायला निघाले होते. ह्यांनी अडवलं. म्हणाले, ''गाडी माझी. निघायच्या आधी मी तरी कुठं वाकून बघितलं?''

मग गाडीवर मी बसले. मी गाडी कशी शिकले, लायसन कसं काढलं, वाडीवरच्या बायकांनी दारात उभं राहून कशी गंमत बघितली, हे वेगळंच प्रकरण आहे. ते पुन्हा कधीतरी! पण गाडी चालवायला शिकले तरी गाडी म्हणजे काय ते शिकले नव्हते. पेट्रोल भरायचं, किक मारायची, बिघडली की गॅरेजला ढकलत न्यायची. बस्स.

ह्या पावसाळ्यात गाडी वेगळं बोलायला लागली. चढाला 'कर्र कर्र', पहिला गिअर टाकून सुटताना 'टक्' असा हिसका. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच असेल. भातलावणीच्या दिवसांत वाडीच्या रस्त्यावर चिखल असा की चाक कुठलं आणि माती कुठली कळू नये. त्यात अपघातात चेपलेलं चेनकव्हर आम्ही काढून टाकलं होतं आणि 'बघू पुढं' म्हणत नवं बसवलंच नव्हतं. म्हणजे उघडी चेन, चिखल आणि वर कॅनांचं ओझं. मिरच्या वाटताना पाट्यावर वाळू पडली तर काय होईल? तेच तिथं रोज चाललं होतं.

दर आठ-दहा दिवसांनी मी गॅरेजला जायची. तिथला मुलगा पाना फिरवून चेन ताणून द्यायचा, पन्नास रुपये घ्यायचा. आठ दिवसांनी ती पुन्हा सैल. एक दिवस करंजावण्याच्या अलीकडे चेन चक्रावरून उतरली. हळू होते म्हणून वाचले. एका शेतकरी दादांनी काडीनं ढोसून ढोसून चढवून दिली, पण पाऊण तास गेला. त्या दिवशी उकडतही होतं. डेअरीवर पोचले तर दुधाला आंबूस वास, दूध परत. चाळीस लिटर! घरी आणून आम्ही दोघी सासवा-सुना दिवसभर पातेल्यापाशी बसून होतो. निम्म्याचा खवा झाला, बाकीचं नासलं. पण दुधाच्या पैशापेक्षा मला दुसरीच भीती वाटत होती. ती चेन उतारावर उतरली असती तर?

त्या रात्री हे म्हणाले, ''अगं, चेन संपलीय. आता ताणून उपयोग नाही. बदलू आपण घरीच.''

''कोण बदलणार?''

''तू.''

मला वाटलं, चेष्टा करताहेत. हे मेकॅनिक नाहीत, पण वीस वर्षं गाडीची सगळी कामं स्वतः करत आले. अपघाताच्या आधी नेमके दुधाच्या घाईत असल्यानं गॅरेजला दिली होती, तेवढीच. म्हणाले, ''मी सांगतो, तू कर. माझे हात गेले, डोकं जाग्यावर आहे.''

पण आधी चेन खरंच संपली का, याची परीक्षा. ती इतकी सोपी आहे की तुम्ही आजच करून बघा. ह्यांनी धाकटीच्या दप्तरातली बारा इंचाची फूटपट्टी आणायला लावली. आमच्या गाडीसारख्या बहुतेक लहान गाड्यांच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते. म्हणजे नव्या चेनच्या चोवीस कड्या बरोब्बर बारा इंच भरणार, पूर्ण फूटपट्टी. चेन हातानं ताणून धरायची, एका पिनेच्या मधोमध शून्य ठेवायचं आणि तिथून पुढं चोवीस मोजायचे. चोविसावी पिन बाराच्या रेघेवर असेल तर छान. पाव इंच पुढं गेली असेल तर त्या चेनचा नाद सोडायचा. आमची पाव इंचाच्याही जरा पुढंच होती.

''चेन म्हणजे काय रबर आहे का लांबायला?'' मी विचारलं. तर तसं नाही. लोखंड ताणत नाही. प्रत्येक कडीच्या आत एक पिन आणि तिच्याभोवती नळी असते. त्या एकमेकींवर घासून झिजतात. एका सांध्यात केसाएवढी फट पडते. पण चेनला सांधे शंभराच्या आसपास! अशा शंभर फटी एकत्र झाल्या की चेन लांबलेली दिसते. गावातल्या एका बाईनं दुसरीला सांगितलेली गोष्ट शंभराव्या बाईपर्यंत केवढी होते, तसंच हे. ही पिन-नळीची युक्ती जुनी आहे. इंग्लंडात मँचेस्टरला राहिलेल्या हान्स रेनॉल्ड नावाच्या कारागिरानं १८८० साली तिचं पेटंट घेतलं, आणि सायकलीपासून आमच्या दुधाच्या गाडीपर्यंत सगळं अजून त्याच रचनेवर पळतंय.

आता दुकान. गॅरेजच्या मुलानं सांगितलं होतं, नुसती चेन टाका, स्वस्तात होईल. हे म्हणाले, मुळीच नाही. पुढचं लहान चक्र, मागचं मोठं चक्र आणि चेन, तिन्ही एकदम बदलायची. त्याला चेनसेट म्हणतात. कारण जुनी चेन लांबते तशी चक्रांचे दात तिच्याबरोबर झिजून वाकडे होतात. नव्या चेनला ते बसत नाहीत, मग तीही भराभर झिजते. मला आधी हे दुकानदाराचं गिऱ्हाईक कापायचं तंत्र वाटलं. पण पुढं जुनं चक्र उघडून नव्याशेजारी ठेवलं तेव्हा पटलं. नव्याचे दात ताठ, दोन्हीकडून सारखे. जुन्याचे सगळे एकाच बाजूला कललेले, समुद्राच्या लाटांसारखे.

चेनसेट मला तेराशेला पडला. वर नवं चेनकव्हर. ह्यांनी बजावलं होतं, पाकीट बंद असलं पाहिजे, त्यावर गाडीचं नाव असलं पाहिजे, आणि बिल मागायचं. दुकानदारानं माझ्याकडे बघून विचारलं, ''ताई, बसवणार कोण? माणूस देऊ का?'' मी म्हटलं, ''माणूस आहे.'' ती मीच, हे काही सांगितलं नाही!

चेनकव्हरबद्दल जरा थांबून सांगायला हवं. हल्ली पोरं 'लूक'साठी ते काढून टाकतात, साडीगार्डही काढतात. बायांनो, असं करू देऊ नका. मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकेल असं संरक्षण गाडीला हवं, मागं बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. आपला पदर, ओढणी, लेकराचं दुपटं ह्यांची काळजी सरकारी नियमात आहे आणि घरातल्या पोरानं पाना घेऊन ती काढून टाकायची, हा कुठला न्याय? आम्हीही तीन वर्षं तीच चूक केली, म्हणून जास्त ठसक्यानं सांगते.

रविवारी दूध घालून आले, भाकऱ्या उरकल्या आणि अंगणात गोणपाट अंथरलं. हे खुर्चीत. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर तांदूळ निवडत. दोन्ही मुली आजूबाजूला. गाडी मधल्या, म्हणजे डबल स्टँडला, मागचं चाक अधांतरी, गिअर न्यूट्रल. ''पहिली गोष्ट, चावी काढ आणि माझ्याकडं दे,'' हे म्हणाले. चेनच्या कामात इंजिन चालू ठेवायचंच नाही. गाडी गिअरमध्ये फिरती ठेवून चेनला फडकं लावणारे लोक मी स्वतः पाहिलेत. फडकं चेनबरोबर जातं आणि फडक्याबरोबर बोटं. चाक हातानं फिरवायचं, तेवढा वेळ सगळ्यांकडे असतो.

दहा नंबरच्या टी-पान्यानं पुढच्या चक्रावरचं झाकण काढलं. आत चिखल आणि ग्रीस मिळून काळं-काळं पिठलं झालेलं! खरडायला पाव तास गेला. ते चक्र दोन छोट्या बोल्टांवर आणि एका पत्र्याच्या चकतीवर असतं. ''चेन काढायच्या आधी हे बोल्ट सैल कर,'' असं ह्यांनी सांगितलं, आणि थोरलीला मागचा ब्रेक दाबून धरायला लावलं. का, तर जुनी चेन चढलेली आहे तोवर चक्र जागेवर अडून राहतं. चेन काढली की ते पान्याबरोबर गरगर फिरतं आणि बोल्ट निघता निघत नाही. हे मला फार आवडलं. नारळ फोडायच्या आधी शेंडी ठेवतो ना, पकडायला, तसं.

मग मागच्या चाकाचे मोठे नट सैल केले. हे मात्र माझ्या हातानं हलेनात. पान्याला पाइपाचा तुकडा लावून, वर पाय देऊन उभी राहिले तेव्हा 'कट्' आवाज करून सुटले. आत्याबाई म्हणाल्या, ''अगं बाई, दोर तोडतीस का गाडी!'' पुढं जुन्या चेनचं लॉक पक्कडीनं काढलं आणि चेन ओढून घेतली. चाक उतरवलं. प्रत्येक वस्तू निघाली की परातीत, निघालेल्या क्रमानं, डावीकडून उजवीकडे. ही सवय मात्र माझी हं, ह्यांची नाही. शिलाई मशीन उघडताना मी नेहमी अशीच मांडते. चाकाच्या दोन बाजूंना लोखंडी नळीचे दोन तुकडे असतात. ते दिसायला सारखे, पण एक आखूड. अदलाबदल झाली तर चाक तिरकं बसेल. परातीमुळं तो घोळ टळला.

मागच्या मोठ्या चक्राचे चार नट. तेही समोरासमोरचे दोन, मग दुसरे दोन, असे थोडे-थोडे आवळायचे. एकच करकचून आवळला तर चक्र वाकडं बसतं. चाकाच्या आत रबराचे तुकडे असतात, हिसका सोसायला. ते अजून टणक होते, म्हणून तसेच राहू दिले.

नवी चेन बसवायच्या आधी ह्यांनी एक गंमत करायला सांगितली. जुनी आणि नवी, दोन्ही चेना ओट्याच्या खिळ्याला शेजारी-शेजारी टांगल्या. धाकटीनं दोन्हींच्या कड्या मोजल्या. दोन्हींच्या सारख्या. पण जुनी चेन नवीपेक्षा इंचभर खाली लोंबत होती. आत्याबाई तांदूळ सोडून उठून आल्या बघायला. तीन वर्षं चिखलात पळून एवढीच तिची उंची वाढली होती.

नवी चेन मऊ कारखान्यातल्या ग्रीसमध्ये भिजलेली असते. ती धुवायची नाही, तशीच चढवायची. पुढच्या चक्रावरून घालून दोन्ही टोकं मागच्या मोठ्या चक्रावर शेजारच्या दातांवर आणून ठेवली. दात टोकं धरून ठेवतात, हात मोकळे राहतात. आणि आता आलं ते लॉक.

लॉकचे तीन भाग. दोन पिनांची कडी आतून बाहेर घालायची, बाहेरून पत्र्याची पट्टी, आणि पट्टीवर एक चिमुकली स्प्रिंगची पट्टी. एका बाजूला गोल बंद, दुसऱ्या बाजूला शेपटीसारखी फाटलेली. नखाएवढी वस्तू, पण चाललेली चेन तीच धरून ठेवते. मी ती पिनांच्या खाचेत ठेवून पक्कडीनं दाबायला गेले, तर 'टिंग्'! उडाली अंगणात.

मग शोधाशोध. वीस मिनिटं आम्ही चौघी ओणव्या. कोंबड्या हाकलल्या, गोणपाट झटकलं. सापडली ती माझ्याच चपलेखाली. मी तिच्यावर उभी होते. पुसून पाहिली, जराशी वाकलेली. बोटानं सरळ केली आणि म्हटलं, ''चालेल, बसते.''

हे ताडकन खुर्चीतून उठले. माझ्यावर कधी आवाज न चढवणारा माणूस अंगणभर ओरडला, ''नाही चालणार! एवढ्याशा पट्टीपायी माझा हात गेला!''

सगळे गप्प. कोंबड्यासुद्धा. तीन वर्षांत ह्यांनी त्या दिवसाबद्दल एवढंही कधी बोललं नव्हतं. मी ती पट्टी खाली ठेवली. थोरलीला सायकलवरून बाजारपेठेत पाठवलं, दोन लॉकं आणायला, एक आता आणि एक डिकीत. पंचवीस-तीस रुपयांची वस्तू. ती येईपर्यंत मी चहा टाकला. आम्ही दोघं ओट्यावर बसून चहा प्यायलो, काही न बोलता. कप ह्यांच्या डाव्या हातात होता.

मुलगी आली. ह्यांनी शांतपणे पुन्हा समजावलं. बंद गोल बाजू चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला हवी. फाटलेलं तोंड पुढं राहिलं तर चालत्या गाडीत ते कुठंतरी अडकतं, घासतं, आणि पट्टी उचकटून पडते. बंद बाजू पुढं असली तर लागलं तरी ती आत ढकलली जाते. ''पण पुढं म्हणजे कुठं?'' मी विचारलं. कारण चेन वरून पुढं येते आणि खालून मागं जाते! इथंच माणसं चुकतात. मी त्या पट्टीकडे नीट बघितलं, आणि म्हटलं, ''अहो, ही तर मासोळी!'' पायातल्या मासोळीएवढीच, आणि दिसायलाही माशासारखी. गोल डोकं, मागं दुभंगलेली शेपटी. मासा शेपटी पुढं करून पोहतो का? वरच्या बाजूला असेल तेव्हा तिचं डोकं हेडलाइटकडं. खाली गेली की डोकं मागच्या दिव्याकडं. मासोळीचं तोंड पुढं! हे हसले. म्हणाले, ''वीस वर्षं मला कुणी असं सांगितलं नव्हतं.''

ह्या वेळी पट्टीवर फडकं धरून दाबली, उडाली तरी फडक्यात राहावी म्हणून. 'टक्' करून बसली. नखानं खेचून बघितली. हलली नाही. धाकटीला बोलावून विचारलं, ''तोंड कुठं?'' तिनं बरोबर दाखवलं.

उरलं ते ताणणं. हेच काम गॅरेजचा मुलगा दर आठवड्याला करत होता आणि त्यातच चूक करत होता, जास्त घट्ट करून. चेन तारेसारखी ताठ असली की चांगली असं वाटतं, पण कॅन चढले, गाडी दबली की ती आणखी आवळते, आणि चेनबरोबर आतले बेअरिंगही खाते. खालच्या बाजूला, दोन चक्रांच्या मधोमध, बोटानं वर-खाली केली तर इंचभर, फार तर सव्वा इंच हलायला हवी. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघायचं. मागच्या चिमट्यावर दोन्ही बाजूंना खुणा असतात. डाव्या बाजूला जितकी खूण, तितकीच उजव्या बाजूला, नाहीतर चाक तिरकं. मोठा नट आवळला की चेन पुन्हा थोडी आवळते, म्हणून आवळून झाल्यावर परत मोजायचं. मला तीनदा सगळं सैल करावं लागलं. तिसऱ्यांदा चिडून पाना टाकणार होते. शेवटी मागचा ब्रेक जुळवला, कारण चाक सरकलं की ब्रेकची पकडही बदलते. हे विसरलं तर चेन नवी आणि ब्रेक गायब!

नवं कव्हर बसवलं तोवर दिवेलागण झाली होती. गॅरेजात हे काम तासाभरात होतं, आम्हाला सहा तास लागले. आंघोळ करून, लिंबू-मीठ चोळून हात धुतले, तरी नखांतलं काळं दोन दिवस राहिलं. एका नातेवाईक बाईंनी ते पाहून नाक मुरडलंच. मी काही बोलले नाही. चाकणच्या बजाजच्या कारखान्यात २०१६ साली डॉमिनार ही मोठी मोटारसायकल आली तेव्हा तिच्या जोडणीच्या लाइनवर सगळ्या मुलीच होत्या, हे त्यांना सांगावंसं वाटलं होतं. पण त्यांच्या हातात पापडाचं ताट होतं, विषय तिथंच राहिला.

सोमवारी पहाटे निघाले. अंगणात हे वाकून लॉक बघत होते. बॅटरी डाव्या हातात. मी म्हटलं, ''काल दहादा बघितलंय.'' ''अकराव्यांदा बघतो,'' म्हणाले. गाडी सुटली, हिसका नाही, 'कर्र' नाही. फक्त टायरचा आणि कॅनच्या झाकणांचा आवाज. आंबवण्यापर्यंत मी हळूच होते. परत येताना, भरल्या कॅनांनी त्या उताराला लागले, तेव्हा क्लचवरचा हात जरा घट्ट झाला, हे खरं. साडेआठला दहा कमी असताना डेअरीवर होते.

आता दर रविवारी दुधाहून आल्यावर चेनचं काम. कव्हरचं झाकण उघडायचं, डिझेलच्या फडक्यानं चिखल पुसायचा (पेट्रोल नको, आग घेतं) आणि खालच्या बाजूनं, आतल्या अंगाला, नव्वद नंबरचं गिअर ऑइल थेंब-थेंब, चाक हातानं फिरवत. जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर त्याला मातीच चिकटते. गॅरेजातलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनाचा सगळा कचरा असतो, ते घालायचं नाही. एकूण दहा मिनिटं.

नवी चेन पहिल्या काही दिवसांत थोडी सैल पडते. पडली तर घाबरायचं नाही, एकदा ताणून घ्यायची. आमची काल बघितली, दीड इंच हलत होती. आज संध्याकाळी ताणायची आहे. थोरली म्हणते, पाना ती धरणार. धाकटीला तिची फूटपट्टी परत हवी आहे, उद्या भूमितीचा पेपर आहे.